दोन तलवारींचा खेळाडू आणि बेसबॉलचे सोयीस्कर विस्मरण

१/ डिसेंबर २०१७. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या संघकचेऱ्यांत एका तेवीस वर्षांच्या जपानी खेळाडूवरून खल चालला होता. त्याच्याशी करार करावा काय, आणि केल्यास त्याला दोन्ही कामे करू द्यावीत काय? खेळाडूचे नाव शोहेई ओतानी. या प्रश्नाचे उत्तर आज शाळकरी मुलेही देतात. परंतु ते उत्तर ज्या कारणासाठी दिले जाते, ते कारणच चुकीचे आहे. प्रस्तुत थ्रेड त्या कारणाविषयी आहे.

२/ क्रिकेटवर पोसलेल्या मराठी वाचकाला यात नवल काय, असे वाटणे साहजिक आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजालाही अखेर बॅट घेऊन उतरावेच लागते; अष्टपैलू खेळाडू ही तिथली जुनी, मानाची जात. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू जीव तोडून फेकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. फलंदाज जवळजवळ रोज खेळतो. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. १९७३ पासून अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी केवळ फलंदाजी करणारा ‘नियुक्त फलंदाज’ उतरवण्याची मुभा आहे, आणि २०२२ पासून ती दोन्ही लीगमध्ये कायम झाली. थोडक्यात, हे दोन निराळे व्यवसाय मानले गेले आहेत. आहारही निराळा, सरावही निराळा, निवृत्तीचे वयही निराळे.

३/ ओतानीला दोन्ही हवे होते. जपानी भाषेत यासाठी ‘नितोर्यू’ हा शब्द रूढ आहे. सतराव्या शतकातील तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी याच्या नावाशी जोडली गेलेली, दोन तलवारींनी लढण्याची शैली. अमेरिकेत त्यावरचा आक्षेप ठरलेला होता : बेब रूथनंतर शंभर वर्षांत हे कोणाला जमलेले नाही, तेव्हा जमणार नाही. आपल्याकडे हाच विचार अधिक खमंग शब्दांत सांगितला जातो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

४/ या आक्षेपाचे बळ ‘इतिहास असे सांगतो’ या तीन शब्दांत आहे. म्हणूनच त्याची झडती इतिहासानेच घ्यायला हवी. झडतीत सापडते ते असे : शंभर वर्षांत हे कोणाला जमले नाही, हे विधान खोटे आहे. ज्यांना जमले त्यांना मोजले गेले नाही, आणि ज्यांना जमू शकले असते त्यांना करू दिले गेले नाही. दोन्ही निर्णय कचेरीत बसलेल्या माणसांचे होते. मानवी शरीराची त्यात साक्षच काढली गेली नाही.

५/ प्रारंभ रूथपासून. जॉर्ज हर्मन रूथ १९१४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स संघात दाखल झाला तो डावखुरा पिचर म्हणून. १९१६ मध्ये त्याने २३ सामने जिंकले आणि नऊ डावांमागे अवघ्या १.७५ धावा दिल्या. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये याहून कमी धावा कोणी दिल्या नाहीत. पुढे जो ‘होम रनचा बादशहा’ म्हणून जगाला ठाऊक झाला, त्याने पिचर म्हणूनच कारकीर्द संपवली असती तरी त्याचे नाव राहिले असते.

६/ मग त्याला रोज फलंदाजीला कोणी आणले? महायुद्धाने. १९१८ मध्ये अमेरिका युद्धात उतरलेली होती, निम्मे खेळाडू सैन्यात वा गोद्यांमध्ये गेले होते, हंगामही सप्टेंबरच्या आरंभी आटोपता घ्यावा लागला. माणसे कमी पडली तेव्हा रेड सॉक्सच्या एड बॅरो या मॅनेजरने रूथला मैदानात इतरत्र उभे करून रोजच्या फलंदाजीत घेतले. त्या वर्षी रूथने पिचर म्हणून १३ सामने जिंकले आणि फलंदाज म्हणून ११ होम रन मारले, जे लीगमध्ये संयुक्तपणे सर्वाधिक होते. रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. दुहेरी खेळाडूचा हा पहिला प्रसिद्ध प्रयोग अडचणीतून जन्मला, आणि यशस्वी झाला.

७/ प्रामाणिकपणाने येथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. रूथ स्वतः दमला होता. दोन्ही कामे वर्षानुवर्षे याच गतीने करता येणार नाहीत, असे त्याने त्याच काळात बोलून दाखवले होते. आक्षेपकांचा हा सर्वांत भक्कम पुरावा. मात्र तो देणारे पुढचे पान उलटत नाहीत. त्या काळी पिचरच्या फेऱ्या, विश्रांतीचे दिवस, रेल्वेचा रात्रभराचा प्रवास यांची रूथसाठी पद्धतशीर फेरआखणी करण्यात आली नव्हती. दोन माणसांचे काम एकाच्या अंगावर टाकले, आणि तो दमला तेव्हा निष्कर्ष काढला की हे काम एका माणसाचे नव्हेच.

८/ १९१९ मध्ये रूथने २९ होम रन मारून तोवरचा विक्रम मोडला; त्याच वर्षी पिचर म्हणून ९ सामनेही जिंकले. डिसेंबरच्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी याने त्याला न्यूयॉर्क यँकीज संघाला विकले. किंमत एक लाख डॉलर, शिवाय मोठे कर्ज. विक्री जाहीर झाली ५ जानेवारी १९२० रोजी. बोस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकण्यासाठी २००४ साल उजाडावे लागले. ‘बाम्बिनोचा शाप’ म्हणून जी दंतकथा चघळली जाते ती हीच. शापाची कथा मनोरंजक आहे. तिने एकच काम केले, विक्रीमागचा हिशेब झाकून टाकला.

९/ न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच वर्षी रूथचे ५४ होम रन झाले. यँकीजच्या घरच्या सामन्यांना बारा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. एका हंगामात दहा लाखांचा आकडा ओलांडणारा तो पहिला संघ. लोक होम रन पाहायला येत होते. रूथ पाच दिवसांतून एकदा चेंडू फेकणार असेल तर मालकाला त्याचा काय लाभ? यँकीजकडे असतानाच्या पंधरा हंगामांत तो पिचर म्हणून फक्त पाच सामने खेळला. त्या पाचांचा निकाल? पाचही जिंकले.

१०/ म्हणजे ज्या माणसाच्या नावाने ‘हे जमत नाही’ असे शतकभर सांगितले गेले, त्याला ते जमत होते. त्याच्या एका हाताची कमाई दुसऱ्यापेक्षा अधिक भरली, एवढेच घडले. तिकीटखिडकीचा निकाल शरीरशास्त्राचा नियम म्हणून खपवला गेला.

११/ आता दुसरे, अधिक गंभीर प्रकरण. ‘रूथनंतर कोणी नाही’ हे वाक्य उच्चारताना ‘कोणी’ या शब्दात कोण धरले जात होते? १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत मेजर लीगची दारे विसाव्या शतकात कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. त्यांच्या स्वतंत्र लीग होत्या, त्यांना निग्रो लीग म्हणत. त्या लीगमधील दुहेरी खेळाडूंची यादी लांबलचक आहे.

१२/ चार्ल्स विल्बर रोगन, ऊर्फ ‘बुलेट’ रोगन. अमेरिकी लष्कराच्या कृष्णवर्णीय पंचविसाव्या पायदळ पलटणीत असताना हवाईमधील स्कोफिल्ड बराक्सच्या संघाकडून तो खेळला. १९२० मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्स या नव्या संघात आला. ज्या वर्षी रूथची दुसरी तलवार म्यानात घातली गेली, नेमक्या त्याच वर्षी. रोगन मोनार्क्सचा अव्वल पिचर होता, आणि चेंडू फेकण्याची पाळी नसेल त्या दिवशी मैदानात अन्यत्र उभा राहून फलंदाजीच्या क्रमात मोक्याच्या जागी उतरत असे. हे त्याने एखाद्या हंगामात नव्हे, वर्षानुवर्षे केले. १९६७ मध्ये तो वारला. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले ते १९९८ मध्ये, मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.

१३/ क्यूबाचा मार्टिन दिहीगो. मैदानातील जवळजवळ प्रत्येक जागी खेळलेला माणूस. १९३८ मध्ये मेक्सिकन लीगमध्ये त्याने पिचर म्हणून १८ सामने जिंकले आणि फक्त २ हरले, नऊ डावांमागे एकाहून कमी धाव दिली, आणि त्याच हंगामात .३८७ सरासरीने फलंदाजीतही पहिला आला. एकाच वर्षी, एकाच लीगमध्ये, दोन्ही यादींत पहिला! अमेरिकी चर्चेत त्याचे नाव येऊ नये, हा केवळ विसराळूपणा मानता येत नाही.

१४/ टेड रॅडक्लिफ यांचे तर टोपणनावच ‘डबल ड्यूटी’. एका दिवशी दोन सामने असले की एकात यष्टिरक्षकासारखा मागे बसून चेंडू झेलायचा, दुसऱ्यात स्वतः चेंडू फेकायचा. हे नाव त्याला बत्तीस साली एका वृत्तपत्रीय लेखकाने दिले असे सांगतात.

१५/ यावर एक उत्तर तयार असते : निग्रो लीगमध्ये लोक दोन कामे करत ती हौसेने नव्हे, गरिबीने. संघांकडे पैसा नव्हता, पंधरा-सोळा माणसांत हंगाम काढावा लागे. हे खरेच आहे. त्या कष्टाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. रात्रभर बसमधून प्रवास करून, ज्या गावात खानावळीत वाढत नाहीत त्या गावात दुपारी दोन सामने खेळणे यात काव्य काही नव्हते. पण प्रश्न ‘का केले’ हा नसून ‘होऊ शकते का’ हा असेल, तर उत्तर रोगनने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. तेही ओतानीच्या वाट्याला आलेल्या खाजगी विमानांविना आणि मालिशवाल्यांविना.

१६/ मेजर लीगने निग्रो लीगला ‘मेजर’ दर्जा जाहीर केला डिसेंबर २०२० मध्ये; आकडे अधिकृत नोंदींत मिसळले गेले २०२४ मध्ये. म्हणजे २०१७ मध्ये जेव्हा तज्ज्ञ मंडळी ‘शंभर वर्षांचा अनुभव’ सांगत होती, तेव्हा त्यांच्या कागदावर रोगन आणि दिहीगो अस्तित्वातच नव्हते. वर्णभेदाने खेळाडू बाहेर ठेवले, आणि मग त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हटले, पाहा, इथे कोणीच नाही.

१७/ जपानमध्येही हे अपूर्व नव्हते. ओसाका टायगर्सचा मासारू कागेउरा हा १९३६ च्या शरद हंगामात सर्वांत कमी धावा देणारा पिचर ठरला आणि १९३७ च्या शरद हंगामात सर्वोच्च सरासरीचा फलंदाज. जपानी व्यावसायिक बेसबॉल तेव्हा जेमतेम पाळण्यात होता. १९४५ मध्ये फिलिपाइन्सच्या आघाडीवर कागेउरा मारला गेला. पुढे जपाननेही अमेरिकेचाच धडा गिरवला : एक माणूस, एक काम.

१८/ आता २०१२. इवाते प्रांतातील हानामाकी हिगाशी या शाळेचा अठरा वर्षांचा मुलगा शालेय सामन्यात ताशी १६० किलोमीटर वेगाने चेंडू फेकतो आणि जाहीर करतो की आपण थेट अमेरिकेला जाणार. अमेरिकी संघांना तो हवा होता, मुख्यतः पिचर म्हणून. होक्काइदोच्या निप्पोन-हॅम फायटर्स संघाने तरीही ड्राफ्टमध्ये त्याचे नाव घेतले. मॅनेजर हिदेकी कुरियामा यांनी आणि संघाने त्याच्यापुढे जे ठेवले त्यात पैशापेक्षा मोलाची गोष्ट होती : इथे राहिलास तर दोन्ही करशील. मुलगा राहिला.

१९/ या क्षणाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. ओतानीची प्रतिभा ही निसर्गाची देणगी असेल. पण ‘दुहेरी खेळाडू’ ओतानी हा एका संघाच्या निर्णयातून निर्माण झाला. कुरियामांवर जपानमध्ये टीकेची झोड उठली. मुलाचे दोन डगरींवर पाय ठेवून नुकसान करत आहेत, व्यावसायिक खेळाला हलके लेखत आहेत, असे ज्येष्ठ खेळाडू बोलले. कुरियामांनी वेळापत्रक त्याच्याभोवती रचले. जपानमध्ये पिचरची पाळी साधारण आठवड्यातून एकदा येते, त्याचा लाभ झाला. २०१४ मध्ये ओतानीने ११ सामने जिंकले आणि १० होम रन मारले. जपानी लीगमध्ये एका हंगामात दोन्ही आकडे दुहेरी करणारा तो पहिला.

२०/ ३ जुलै २०१६ चा सामना तर अमेरिकी निरीक्षकांनी भिंतीवर लावून ठेवायला हवा होता. त्या दिवशी ओतानी पिचर होता आणि फलंदाजीच्या क्रमात पहिलाही. सामन्याच्या पहिल्या चेंडूवर त्याने होम रन मारला, धावपट्टी फिरून आला, आणि मग जाऊन आठ डाव एकही धाव न देता चेंडू फेकत राहिला. त्या वर्षी फायटर्सने जपान सिरीज जिंकली. ओतानीच्या नावावर २२ होम रन, १० विजय आणि १.८६ ची सरासरी होती. म्हणजे २०१७ मध्ये जो प्रश्न विचारला जात होता, त्याचे उत्तर वर्षभरापूर्वी साठ-सत्तर हजार डोळ्यांसमोर मिळालेले होते. ते जपानमध्ये मिळाले, म्हणून त्याला उत्तर मानले गेले नाही.

२१/ या तुच्छतेचाही इतिहास आहे, तो थोडक्यात. १९६४ मध्ये मासानोरी मुराकामी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळणारा पहिला जपानी ठरला. लगेच दोन देशांतील संघ त्याच्या मालकीवरून भांडले, आणि १९६७ च्या करारनाम्याने एकमेकांचे खेळाडू न पळवण्याचे ठरले. खेळाडूला कोणी विचारले नाही. १९९५ मध्ये हिदेओ नोमो याला अमेरिकेत जाण्यासाठी जपानमध्ये कागदोपत्री ‘निवृत्त’ व्हावे लागले. ती पळवाट बुजवून १९९८ मध्ये लिलावासारखी पोस्टिंगची पद्धत आली. २००६ मध्ये दाइसुके मात्सुझाका याच्याशी नुसते बोलणी करण्याचा हक्क बोस्टनने ५ कोटी ११ लाख डॉलर मोजून घेतला. पैसे गेले त्याच्या जपानी संघाला.

२२/ ओतानीची गोष्ट याहून विलक्षण. डिसेंबर २०१६ च्या कामगार करारानुसार पंचवीस वर्षांखालील परदेशी खेळाडू ‘हौशी’ गणला जाऊ लागला, आणि त्याला देता येणाऱ्या रकमेवर मर्यादा आली. दोन वर्षे थांबला असता तर त्याला वीस कोटी डॉलरच्या घरातला करार मिळाला असता, असा तेव्हाचा अंदाज होता. तो थांबला नाही. लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला करारापोटी २३ लाख १५ हजार डॉलर दिले. वेतन लीगमधील किमान, २०१८ साठी सुमारे ५ लाख ४५ हजार. जपानी संघाला दोन कोटी. लीगमधला जवळपास कोणताही संघ हे पैसे एखाद्या राखीव खेळाडूवर उधळतो.

२३/ तेव्हा ‘जोखीम पत्करावी काय’ ही चर्चा किती हास्यास्पद होती, हे ध्यानात यावे. जोखीम संघाची नव्हतीच. ती सर्वस्वी त्या तरुणाने आपल्या कोपरावर घेतली होती. उलट त्याच्या प्रतिनिधींनीच संघांना प्रश्नावली पाठवली : याला कसे वापराल, त्याच्या शरीराची काळजी कशी घ्याल, ते लिहून कळवा. सात संघ अखेरच्या भेटीपर्यंत पोहोचले. मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींचीच परीक्षा झाली, असा हा प्रसंग.

२४/ २०१८ च्या वसंतातील सराव सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .१२५ राहिली. लगेच ‘शाळकरी मुलासारखा खेळतो’ असे शेरे छापून आले. एप्रिलमध्ये त्याने लागोपाठ तीन सामन्यांत होम रन मारले, आणि घरच्या मैदानावर पिचर म्हणून पहिल्यांदा उतरला तेव्हा ऑकलंडच्या १२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. वर्षअखेर तो लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. शेरे लिहिणाऱ्यांची स्मरणशक्ती मात्र त्या वर्षी क्षीण झाली असावी.

२५/ आता त्या पुराव्याकडे, ज्याच्यावर या थ्रेडची सारी मदार आहे. २०१८ मध्ये एंजल्सने त्याला दोन्ही करू दिले खरे, पण भीत भीत. चेंडू फेकण्याच्या दिवशी फलंदाजी बंद. बहुधा आदल्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशीही बंद. आठवड्यातले तीन दिवस असे गेले. २०२१ मध्ये मॅनेजर जो मॅडन आणि नव्या व्यवस्थापकाने हे सारे निर्बंध उठवले. दमलास तर तू सांग, एवढीच अट. ४ एप्रिल २०२१ रोजी तो शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध पिचर म्हणून उतरला आणि त्याच सामन्यात दुसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला येऊन होम रन मारला. त्या हंगामात ४६ होम रन, २६ चोरलेले बेस, ९ विजय, १५६ स्ट्राइकआउट. एकमताने सर्वोत्तम खेळाडू.

२६/ माणूस तोच, संघ तोच, कोपर तर शस्त्रक्रिया झालेला. बदलली ती एक सूचना. पुढल्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याने ३४ होम रन मारले, १५ सामने जिंकले, २१९ स्ट्राइकआउट केले. फलंदाजी आणि पिचिंग या दोन्ही क्रमवारींत बसण्याइतका खेळ एकाच हंगामात करणारा आधुनिक मेजर लीगमधील तो पहिला. त्याच वर्षी नियमही बदलला : पिचर म्हणून बाहेर पडलेला खेळाडू नियुक्त फलंदाज म्हणून सामन्यात राहू शकतो. नियम लिहिणारेही माणसेच असतात, हे बेसबॉलला उमगायला १९७३ पासून एकोणपन्नास वर्षे लागली.

२७/ कोपराचा प्रश्न टाळता येणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये एक शस्त्रक्रिया, सप्टेंबर २०२३ मध्ये दुसरी. आक्षेपक म्हणतात, बघा! पण ही शस्त्रक्रिया ज्याच्या नावाने ओळखली जाते तो टॉमी जॉन, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ज्याचे अस्थिबंधन पुन्हा बांधले, तो निव्वळ पिचर होता. त्याच्यानंतर शेकडो निव्वळ पिचर त्या टेबलावर झोपले. अतिवेगाने चेंडू फेकल्याने कोपर फाटतो. बॅट धरल्याने तो अधिक फाटतो असे कोणी दाखवून दिलेले नाही. थकव्याचा वाटा असू शकेल, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशेब पुरा मांडावा. निव्वळ पिचरचा कोपर गेला की संघाचे वर्ष-दीड वर्ष पाण्यात. ओतानीचा गेला तेव्हा २०२४ मध्ये तो चेंडू न फेकता केवळ फलंदाजीवर ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस करून एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसरी तलवार ही चैन नव्हती. पहिली मोडली तेव्हा तिनेच घर चालवले.

२८/ दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एंजल्सला काय मिळाले? सहा हंगाम, त्याच संघात माइक ट्राउट हा त्या पिढीचा थोर खेळाडू, आणि एकदाही अंतिम फेरीच्या टप्प्यात प्रवेश नाही. २०२३ मध्ये ७३ विजय, ८९ पराभव. आणि अखेर बदल्यात एकही खेळाडू न घेता त्याला जाऊ दिले. हा युक्तिवाद करार न करण्याच्या बाजूचा मानला जातो. तो मालकाच्या विरुद्धचा आहे. २०२१ मध्ये, ज्या वर्षी तो एकमताने सर्वोत्तम ठरला, एंजल्सने त्याला तीस लाख डॉलर दिले. एका पगारात, तोही असा, अव्वल पिचर आणि अव्वल फलंदाज मिळत असता उरलेल्या पैशात पिचरांची फळी उभारता येत नसेल, तर दोष दोन तलवारींचा कसा? हातात पट्टा होता, पण गडाला तटबंदीच नव्हती.

२९/ तिसरा मुद्दा बाजूचा म्हणून मांडला जातो आणि तोच सर्वांत घातक आहे : करार करा, कारण जपानमधून जाहिराती येतील, पर्यटक येतील, जर्सी खपतील. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला तेव्हा सगळीकडे हाच सूर होता. वास्तविक त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे आहेत, बिनव्याजी. हयात करारभर त्याला वर्षाला वीस लाख मिळतात. डॉजर्सचा गल्ला भरला हे निर्विवाद. तरी हा युक्तिवाद रूथला यँकीजने ज्या न्यायाने फलंदाजीला जुंपले त्याच न्यायाचा आहे. गल्ला ज्या हाताने भरतो तो हात ठेवा, दुसरा बांधा. तिकीटखिडकीवर विसंबून आज दिलेली परवानगी उद्या तिकीटखिडकीच काढून घेईल.

३०/ डॉजर्सने ती काढून घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. ७० कोटींचा फलंदाज सुरक्षित ठेवून पिचिंग बंद करण्याचा मोह कोणालाही झाला असता. १६ जून २०२५ रोजी तो पुन्हा चेंडू फेकायला उतरला. आधी एकच डाव, मग दोन, असे मोजून मोजून. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत त्याने सहा डावांहून अधिक वेळ एकही धाव दिली नाही, १० जणांना स्ट्राइकआउट केले, आणि त्याच सामन्यात तीन होम रन मारले.

३१/ ‘पण ओतानी एकच असतो.’ हे वाक्य ऐकायला स्तुतीसारखे वाटते. प्रत्यक्षात ते जुन्या आक्षेपाचेच नवे वस्त्र आहे. पूर्वी म्हणत, कोणालाच जमणार नाही. आता म्हणतात, त्याच्याखेरीज कोणालाच जमणार नाही. चमत्कार म्हटला की व्यवस्थेला काही बदलावे लागत नाही. देव्हाऱ्यात बसवावे, हळदकुंकू वाहावे, आणि बाकीच्या मुलांना पूर्वीप्रमाणे रांगेत उभे करावे.

३२/ अपयशेही आहेत. २०१७ च्याच ड्राफ्टमध्ये टँपा बे रेजने चौथ्या क्रमांकावर ब्रेंडन मके या दुहेरी खेळाडूला घेतले, २०१९ मध्ये दोन्ही भूमिकांत उतरवलेही. खांद्याच्या दुखण्यांनी त्याची वाट अडवली. प्रयोग प्रत्येक वेळी फळतो असे कोणी म्हणत नाही. निव्वळ पिचर म्हणून घेतलेली किती मुले खांद्याच्या दुखण्याने संपली, याची यादी मात्र ‘पिचर घेऊच नयेत’ या निष्कर्षासाठी कोणी वापरत नाही.

३३/ तेव्हा करार करावा काय? जो संघ पाळीचे वेळापत्रक, विश्रांतीचे दिवस, सरावाच्या वेळा त्या माणसाभोवती नव्याने आखायला तयार आहे, त्याने जरूर करावा, आणि केवळ जर्सीसाठी करू नये. २०२० पासूनच्या नियमांत ‘दुहेरी खेळाडू’ असा स्वतंत्र वर्ग आहे. तो पिचरांच्या मर्यादित संख्येत धरला जात नाही, म्हणजे सव्वीस जणांच्या चमूत संघाला एक माणूस जास्तीचा मिळतो. जो संघ हे सारे जाणूनही त्या मुलाला ‘आधी एक काय ते ठरव’ असे सांगणार असेल, त्याने त्याला घेऊ नये. दुसऱ्याकडे जाऊ द्यावे.

३४/ २०१७ च्या त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सिनसिनाटी रेड्सने हंटर ग्रीन या शाळकरी मुलाला घेतले होते, दोन्ही कामे करणारा म्हणून. थोड्याच दिवसांत त्याच्या हातून बॅट काढून घेण्यात आली. आज तो पिचर आहे. २०२४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने सहाव्या क्रमांकावर जॅक कॅग्लियानोनला घेतले. महाविद्यालयात तो दोन्ही करत असे. रॉयल्सने त्याला फलंदाज केले. शहर तेच, जिथे १९२० मध्ये बुलेट रोगन मोनार्क्सकडून चेंडूही फेकत होता आणि बॅटही फिरवत होता.